रंग न ओळखता येणाऱ्या माणसाचा कारखाना

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1885 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा सोळा वर्षांचा एक मुलगा चित्रकला शिकायला आला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलांनी तीच वाट धरावी अशी त्यांची अपेक्षा होती. या मुलाचं मन मात्र पोथीत रमेना. त्याला चित्रं काढायची होती आणि यंत्रं उघडून आत काय आहे ते पाहायचं होतं. थोरला भाऊ रामूअण्णा पाठीशी उभा राहिला आणि शिक्षणाच्या खर्चाची सोय झाली. दोन वर्षं गेली आणि लक्षात आलं की या विद्यार्थ्याला काही रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार होण्याचा विषय तिथंच संपला.

हा मुलगा म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. 20 जून 1869 चा जन्म. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी यांनी वसवली. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव विहिरीवरच्या पंपामुळे आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीमुळे माहीत असतं.

एका ब्राह्मण कारखानदाराचं चरित्र आपल्या पोर्टलवर कशाला, असं काही मित्र विचारतील. मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दिव्यांग व्यक्तींच्या रोजगाराचं काम करते. कंपनीच्या गेटवर, तालुक्याच्या दवाखान्यात, जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात एकच प्रश्न रोज ऐकू येतो: या माणसाला काय जमत नाही? लक्ष्मणरावांच्या आयुष्यात हा प्रश्न उलटा विचारला गेला, आधी स्वतःबद्दल आणि मग इतरांबद्दल. शिवाय या चरित्रात दोन नावं अशी आहेत की ती आपण वाचली नाहीत तर दुसरं कुणी वाचणार नाही. त्यांच्यापर्यंत पुढे येऊच.

आधी जे. जे. मध्ये काय घडलं ते नीट पाहू. हल्ली रंगांधळेपणा तपासायला डॉक्टर ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक समोर धरतात. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी ते 1917 साली काढलं. म्हणजे 1887 च्या सुमाराला लक्ष्मणरावांना जे समजलं ते अशा कुठल्या पुस्तकातून नाही, रंगाचं काम करतानाच समजलं. रंगकामात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला ढ ठरवून घरी पाठवणं सोपं होतं. स्वतः लक्ष्मणरावही गावी परत जाऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्याच संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवलं जात होतं. यंत्राच्या भागाचं चित्र काढायचं तर मुख्य काम रेघेचं, मापाचं आणि कोनाचं. हात स्थिर लागतो, कल्पना त्रिमितीत चालावी लागते. हे सगळं या मुलाकडे होतं. डोळ्यातला दोष तसाच राहिला, पण ज्या कामात तो आड येत होता ते काम बदललं.

दिव्यांगत्वाचा समाजशास्त्रीय अर्थ वर्गात शिकवताना आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगत. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेमुळे माणसाला बाहेर ठेवणारी व्यवस्था ही दुसरी. पुस्तकातला तो धडा मला लक्ष्मणरावांच्या या दोन वर्षांइतका स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसलेला नाही. रंगाच्या वर्गात ते अपात्र होते आणि शेजारच्या वर्गात उत्तम विद्यार्थी. मधे फक्त एक भिंत होती.

पण ही भिंत ओलांडायला त्यांच्याकडे काय काय होतं तेही मोजलं पाहिजे. खर्च करणारा भाऊ होता. वडील नाराज असले तरी घर सुटलेलं नव्हतं. शाळा-कॉलेजात बसताना कुणी त्यांना दाराबाहेर गोणपाटावर बसवत नव्हतं. त्याच काळात महार किंवा चांभार घरातल्या एखाद्या मुलाच्या डोळ्यांत हाच दोष असता तर तो त्याला कधी कळलाही नसता, कारण रंगपेटीपर्यंत पोचण्याआधीच त्याला अडवलेलं असायचं. लक्ष्मणरावांची जिद्द खोटी ठरत नाही यामुळे. फक्त नुसत्या जिद्दीच्या गोष्टी सांगून दिव्यांग मुलांना शहाणपण शिकवणाऱ्या वक्त्यांनी हा हिशोब लपवू नये, एवढंच.

यांत्रिक रेखाटनाच्या जोरावर लक्ष्मणरावांना मुंबईतच नव्यानं निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी लागली. आजची व्हीजेटीआय ती हीच. शिकवता शिकवता ते तिथल्या कार्यशाळेत रमले. यंत्रं दुरुस्त करायची, पुस्तकं वाचून नवं समजून घ्यायचं, असं चालू होतं. मग बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्यांनी नोकरी सोडली. कातडीच्या रंगावरून माणूस बाजूला सारला जातो तेव्हा कसं वाटतं, याचा हा अनुभव त्यांना आला. ज्यांना तो दिवसाकाठी दहादा येत होता त्यांच्याबद्दल पुढे या माणसाला काहीतरी वाटलं, त्यात या अनुभवाचाही वाटा असावा असं मला वाटतं.

बेळगावला रामूअण्णांबरोबर सायकलींचा व्यवसाय आधीच सुरू झाला होता. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव 1888 पासूनचं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. त्यातून छोटा कारखाना उभा राहिला आणि पहिलं यंत्र बाहेर पडलं ते कडबा कापण्याचं.

इथं जरा थांबते. कडबा कुट्टीचं यंत्र आज आपल्या भागात जवळपास प्रत्येक गोठ्यात आहे, विजेवर चालणारं. शेतकऱ्याचे कष्ट त्यानं फार वाचवले. आणि याच यंत्रात बोटं, मनगट, कधी कोपरापर्यंत हात गेलेली माणसं मी गावोगाव पाहिली आहेत. बहुतेक वेळा वैरण सारणारी घरातली बाई किंवा शाळेतून आलेला मुलगा. कारखान्यात हात गेला तर निदान नोंद होते. गोठ्यात गेला तर तो घरचा अपघात, मग मालक कोण आणि भरपाई कुणाकडे मागायची? हातानं फिरवायच्या जुन्या यंत्राचा हा दोष लक्ष्मणरावांच्या माथी मारायचा नाही. पण यंत्र माणसाला मोकळं करतं आणि माणसाला मोडतंही, हे दोन्ही त्या पहिल्या यंत्रातच होतं.

त्यानंतर लोखंडी नांगर आला. शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. वस्तू चांगली असून चालत नाही, घेणाऱ्याच्या मनातली भीती आधी काढावी लागते. दिव्यांग उमेदवाराला घेऊन एखाद्या कारखानदारासमोर बसते तेव्हा मला नेहमी हा नांगर आठवतो. तिथंही समोरच्याची भीती अशीच असते, ऐकीव आणि चिवट. अपघात होईल, इतर कामगार कुरकुरतील, काम मंदावेल. यातलं त्यानं स्वतः काहीच पाहिलेलं नसतं.

1910 च्या जानेवारीत बेळगावच्या नगरपालिकेनं वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. घडी बसत आलेला धंदा रस्त्यावर आला. तेव्हा मदतीला धावले ते औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते नुकतेच गादीवर आले होते. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार, औंधचं प्रसिद्ध चित्रसंग्रहालय त्यांनीच उभारलं. रंगांनी ज्याला नाकारलं त्याला चित्रकार राजानं जमीन द्यावी, हा योगायोग मला आवडतो. त्यातून काही सिद्ध होत नाही.

जमीन मात्र भयाण होती. निवडुंग, दगड, साप. तिथं 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात औंध संस्थानचे तुकडे विखुरलेले होते, त्यातला हा एक. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे. याच कारखान्याचे नांगर विकत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले आणि पुढे त्यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. बहुजनांच्या शिक्षणाचा आणि या नांगराचा रस्ता काही काळ एकच होता.

आता वाडीत जमलेल्या माणसांकडे वळते, कारण माझ्या दृष्टीनं या चरित्राचा गाभा तिथं आहे. माळरानावर कारखाना काढायला कुशल, पदवीधर, अनुभवी माणसं कोण येणार? आली ती बहुतेक अशी, ज्यांना दुसरीकडे कुणी बोलावलं नसतं. अनंतराव फळणीकर शाळेत टिकले नव्हते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, पण यंत्र डोळ्यांसमोर उभं करून त्यात सुधारणा करण्याची बुद्धी होती. पुढे ते कारखान्यातले कल्पक यंत्रज्ञ म्हणून ओळखले गेले. शंभुराव जांभेकर रूढ अर्थानं इंजिनिअर म्हणावेत असे नव्हते. साचेबंद वाटेनं न जाता आपल्या पद्धतीनं अडचण सोडवणारा तो माणूस. के. के. कुलकर्णी यांना सगळ्यातलं थोडं थोडं यायचं, एकाही विषयात ते तज्ज्ञ नव्हते. नोकरीच्या जाहिरातीत अशा माणसासाठी रकानाच नसतो. मंगेशराव रेगे हिशोब सांभाळत.

ही माणसं आजच्या कायद्याच्या भाषेत दिव्यांग नव्हती, मला तसं सुचवायचंही नाही. पण कुणाच्या कपाळावर नापास लिहिलेलं होतं, कुणाच्या कपाळावर विचित्र. दिव्यांग उमेदवाराच्या कपाळावर जे लिहिलेलं असतं ते याच शाईनं. आधी शिक्का वाचायचा आणि माणूस नंतर पाहायचा, किंवा पाहायचाच नाही. लक्ष्मणरावांनी माणूस आधी पाहिला. हे त्यांना साधलं याचं एक कारण मला सरळ दिसतं. स्वतःला एका वर्गात नापास आणि शेजारच्या वर्गात पास होताना त्यांनी पाहिलं होतं.

आणि आता ती दोन नावं. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग.

हे दोघं शिक्षा झालेले, दरोडेखोर म्हणून भोवतालच्या गावांना माहीत असलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना कारखान्याचे आणि वसाहतीचे राखणदार नेमलं. ज्यांच्या भीतीनं लोक दाराला दुहेरी कड्या लावत त्यांच्याच हातात रात्रीची राखण दिली. ते कारखान्याचे सर्वांत विश्वासू पहारेकरी ठरले.

ही गोष्ट किर्लोस्करांच्या चरित्रांत हृदयपरिवर्तनाची गोष्ट म्हणून येते. मला ती अपुरी वाटते. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानंच माणूस गुन्हेगार असू शकतो ही कल्पना सरकारी कागदावर आणली. रामोशी समाजावर तो शिक्का कायमचा बसला. मांग समाजाच्या वाट्याला गावगाड्यात गावाबाहेरचा मांगवाडा आणि काही झालं की पहिला संशय, एवढंच होतं. गंमत अशी की गावाची राखण हे रामोशांचं पिढीजात कामच होतं. म्हणजे ज्या कौशल्यावर गावं शेकडो वर्षं झोपली तेच कौशल्य असलेल्या माणसाला कायद्यानं चोर ठरवलं. लक्ष्मणरावांनी त्यांच्यात नवं काही घातलं नाही. त्यांना जे येत होतं त्याला पगार दिला, मान दिला. बदल मालकाच्या नजरेत होता, या दोघांत तो शोधायची गरज नाही.

नावांकडेही पाहा. जांभेकर शंभुराव होतात, फळणीकर अनंतराव होतात, रेगे मंगेशराव होतात. पहारेकरी मात्र तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांगच राहतात. जातच आडनाव. पिराजी म्हणायलाही कुणाची जीभ वळली नाही. कारखान्याच्या किल्ल्यांपर्यंत हे दोघं पोचले, पण लिहिणाऱ्यांच्या भाषेत ते गावकुसाबाहेरच राहिले. पिराजींच्या घरच्यांचं पुढे काय झालं, मुलं कारखान्यात लागली का, शिकली का, हे चरित्रकारांनी विचारलेलं दिसत नाही. आपल्या विद्यापीठांत आता समाजशास्त्राचे इतके विद्यार्थी आहेत. कुणीतरी कुंडल-पलूस भागात जाऊन ही माणसं शोधायला हवीत.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळायला बंदी केली होती. त्या काळातल्या मराठी कारखानदारात हे सहज आढळणारं नव्हतं. वाडीतून 1920 मध्ये निघालेलं किर्लोस्कर खबर हे मासिक पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली रूढींवर टीका करणारं म्हणून गाजलं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. आपल्याकडे शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या निर्णयाबद्दल खूप बोललं जातं आणि बोललंच पाहिजे, पण ज्या राजाला तोफेपेक्षा नांगर मोलाचा वाटला त्याचीही आठवण ठेवावी.

इथपर्यंत वाचून लक्ष्मणराव म्हणजे देवमाणूस असं वाटेल. तसं वाटू नये म्हणून पुढचं लिहिते. वाडीतली प्रत्येक चांगली गोष्ट मालकाच्या मनावर अवलंबून होती. त्यांना माणूस पारखता येत होता म्हणून पिराजींना काम मिळालं. शेजारच्या कारखान्यात तसा मालक नसेल तर? यानंतर येणारा मालक तसा नसेल तर? चांगल्या मालकाच्या राज्यात कामगाराला कृपा मिळते. हक्क मिळायला कायदा लागतो.

तो कायदा या चरित्राच्या बाजूनं समांतर घडत होता. 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या भागांचे दर ठरलेले होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता इतके टक्के घटली असं धरायचं, बोट गेलं तर तितके. वाचताना अंगावर काटा येतो, पण कामगाराच्या बोटाला मोल आहे हे निदान कुणीतरी लिहून ठेवलं. तरी पैसे घेऊन घरी बसा, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढची पायरी बाबासाहेबांच्या काळात आली. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण, कामावर आलेलं अपंगत्व या सगळ्यांची जबाबदारी एका मालकाच्या दयेवरून काढून सामाईक निधीवर ठेवली गेली. आपल्या पोरांच्या पगारपत्रकात ईएसआयची जी कपात दिसते ती कुरकुर न करता समजून घ्या. कामावर हात गेला तर पगाराच्या प्रमाणात मिळणारं निवृत्तिवेतन तिथून येतं. माझ्याकडे येणाऱ्या जखमी कामगारांपैकी कित्येकांना आपला विमा क्रमांकही ठाऊक नसतो.

त्यानंतरचा टप्पा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आहेत. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेत नोकरी करताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराच्या दुसऱ्या जागी नेमायचं, तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. म्हणजे लक्ष्मणरावांनी जे. जे. मध्ये स्वतःपुरतं जे केलं, ते सरकारी नोकरीत आज कायद्यानं बंधनकारक आहे. खाजगी कारखान्यांना मात्र हे कलम लागू नाही. त्यांना कलम 21 लागू आहे. प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. आपल्या एमआयडीसींमध्ये फिरताना मी हे धोरण मागते तेव्हा बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक एकमेकांकडे पाहतात.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही, याचा आकडाही आहे. 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचं प्रमाण 2.21 टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के. कारणं शोधायला लांब जायला नको. गटारात कोण उतरतं, ऊसतोडीला कोण जातं, फौंड्रीत भट्टीपाशी ठेकेदाराचा मजूर म्हणून कोण उभं असतं, बाळंतपणात बाईला काय खायला मिळतं, हे आपल्याला माहीत आहे. तरीही आपल्या विहारांतल्या बैठकांत दिव्यांगांचा प्रश्न डिसेंबरच्या तीन तारखेपुरता येतो. विहाराला पायऱ्या पाच आणि उतार एकही नाही.

रंगांधळेपणाचं काय, हे राहिलं. त्या 21 प्रकारांत तो नाही. त्यामुळे एक विचित्र अवस्था होते. गेल्या वर्षी माझ्याकडे आपल्याच वस्तीतला आयटीआय झालेला एक मुलगा आला. कंपनीनं त्याला निवडलं होतं, वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकात अडकला. काम होतं माल भरून रवाना करण्याचं. खोक्यांवरची लेबलं लाल आणि हिरवी होती, म्हणून तो अपात्र. लेबलावर रंगाबरोबर एक अक्षर छापलं असतं तर प्रश्न मिटत होता, खर्च जवळजवळ शून्य. कंपनी तयार झाली नाही. दिव्यांगत्वाचा दाखला काढावा तर नियमात बसत नाही. नोकरीसाठी तो अपंग आणि दाखल्यासाठी धडधाकट.

या कोंडीत फट पडते आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटनं रंगांधळेपणामुळे एका उमेदवाराला चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2022 च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं संस्थेची ही बंदी चुकीची ठरवली. संकलकाचं काम कथेचं आणि लयीचं आहे, रंगात मदत लागली तर ती दुसऱ्याकडून घेता येते, असा त्यामागचा विचार होता. 2025 मध्ये तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका चालकाच्या प्रकरणातही न्यायालयानं कामगाराच्या बाजूनं निकाल दिला. रंगांधळेपणामुळे गाडी चालवता येत नसेल तर दुसरं काम शोधून देणं ही महामंडळाची जबाबदारी आहे, परस्पर घरी बसवता येणार नाही. हे दोन निकाल खिशात ठेवा. भरतीच्या वेळी उपयोगी पडतात.

लक्ष्मणरावांचं उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगते. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. पुढे पंप आणि इंजिनं आली, पुण्यापासून कर्नाटकातल्या हरिहरपर्यंत कारखाने निघाले. 1948 मध्ये गांधीजींच्या खुनानंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. तेव्हा लक्ष्मणराव 78 वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर अठरा दिवसांनी नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले. 1969 मध्ये लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

तो आयटीआयवाला मुलगा सध्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. मापं व्हर्नियरनं घ्यायची असतात, रंगाशी संबंध नाही. पगार कंपनीपेक्षा कमी, ईएसआयची नोंद अजून झालेली नाही. त्यासाठी येत्या सोमवारी आम्ही मालकाला भेटणार आहोत.